शंभर पाण्यांचं तूप आणि मार्केटची शाई

कॅन्सरला माणूस घाबरतो, खाजेला नाही. मीही घाबरत नव्हते. गाठ निघाली, तिच्याबरोबर डावी छाती गेली, टाके सुकले, तोवर मी अगदी शहाण्यासारखी वागले. भेटायला येणाऱ्याला चहा दिला, "देवाची कृपा" म्हटलं, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पण दवाखान्यात लाईट घ्यायला लागून तिसरा आठवडा उजाडला आणि छातीपासून काखेपर्यंत अशी काही खाज सुटली की देव आणि त्याची कृपा दोन्ही विसरले. खाजवायचं नाही, चोळायचं नाही, पाणी लावायचं नाही. नुसतं सोसायचं. आणि सोसण्यात मी कधीच हुशार नव्हते. माहेरी मला तोंडाळ म्हणायचे, सासरी आल्यावर आत्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या सातारा भागात सासूला आत्याच म्हणतात. आमचे हे तुर्भ्याच्या मार्केटात, मसाल्याच्या बाजारात, माथाडींच्या एका टोळीचे मुकादम होते. बाजार मुंबईतून खाडीच्या अलीकडे आला आणि त्याच्या मागोमाग आम्हीही आलो. कोपरखैरण्याला माथाड्यांसाठी बांधलेल्या घरांपैकी एक आमचं. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे हातभर मोरी. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या आणि धाकटीला तेव्हा दिवस होते. तिचं बाळंतपण मी करणार होते. दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी बरंच काही समजावलं, त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं, पण पोरीच्या बाळंतपणाला मी उभी असायला हवी एवढं माझ्या मनानं पक्कं धरलं.

त्या उपचाराला आमच्याकडे कुणी रेडिएशन म्हणत नव्हतं. 'लाईट' म्हणायचे. "आज लाईट झाला का?" असं शेजारीण विचारायची, जशी काही आमच्या घरचं बिल भरलं का विचारतेय. लाईटचं मशीन मुंबईत होतं. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं. पहाटे मार्केटातून भाजीचा एक टेम्पो दादरकडे निघायचा, त्याचा ड्रायव्हर ह्यांच्या ओळखीचा होता. मी त्याच्या शेजारी बसायची, मांडीवर डबा, मागं मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या. घरी पोचले तरी माझ्या पदराला कोथिंबिरीचा वास यायचा. येताना बसनं येत असे.

पहिल्याच दिवशी तिथं माझ्या छातीवर जांभळ्या रेषा आखल्या. एक मोठा चौकोन, मध्ये फुली, काखेकडे जाणारी आणखी एक रेघ. मशीनवर बसणारा माणूस चांगला होता, पण फार बोलायचा. त्यानं बजावलं, "ताई, ह्या रेषा गेल्या तर आमी आंधळे. साबण नाय, पाणी नाय, तेल नाय, पावडर नाय. कळलं?" मी मान हलवली. मग डॉक्टरीणबाई आल्या. त्या कमी बोलायच्या. त्या म्हणाल्या, "दोनच गोष्टी लक्षात ठेवा. लाईट ठरलेल्या जागीच पडला पाहिजे, आणि मध्ये खंड पडता कामा नये. कातडी फुटली तर आम्हाला थांबावं लागतं, आणि असं थांबणं तुमच्या फायद्याचं नाही." मी घरी येऊन हे शब्दाला शब्द ह्यांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी घास तसाच ताटात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे मार्का शाबूत पायजे."

हे त्यांचं बोलणं कळायला मार्केट माहीत असावं लागतं. गोदामात माल उतरला की प्रत्येक पोत्यावर पत्र्याचा साचा ठेवून कुंचल्यानं शाई फिरवतात. त्याला मार्का म्हणतात. मार्क्यावरून कळतं माल कुणाचा आणि कुठं जायचा. मार्का पुसलेलं पोतं म्हणजे मुकादमाच्या डोक्याला ताप. ते कुठल्याही गाळ्यात जाऊन पडतं आणि मग दोन व्यापारी मुकादमाच्या नावानं शिमगा करतात. त्यामुळं रेषेचं महत्त्व ह्यांना माझ्यापेक्षा आधी पटलं. फक्त त्या रेषा त्यांनी पाहिल्या नव्हत्या. ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी तिकडे पाहिलंच नव्हतं. मी कपडे बदलायला लागले की ते भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचायचे. आत्या जखम पुसायला बसल्या की चपला घालून बाहेर. मला त्याचा राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटायचं. पण हे कसं बोलायचं ते मला समजत नव्हतं, आणि तोंडाळ बाईलाही काही गोष्टी तोंडातून काढता येत नाहीत.

तर खाज. आधी कातडी लाल झाली, मग काळवंडली, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी. काखेत ब्लाऊजची शिवण लागली की जीव कळवळायचा. मी ह्यांचा जुना सदरा घालून घरात फिरायला लागले. ह्यांना टोळीतल्या माणसांनी विचारलं, वहिनी कशी आहे. आता भर बाजारात बायकोच्या छातीचं काय सांगणार? "कातडीला त्रास होतोय," एवढंच म्हणाले. झालं. माथाडी माणसाचं प्रेम पोत्यानं मोजावं लागतं. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या हळदीचं अर्धं पोतं दारात. एकानं काकड्यांची पाटी आणून टाकली, किसून थापायला. कुणीतरी जुन्या गावाच्या बांधावरून कोरफडीचं अख्खं झाड मुळासकट उपटून पाठवलं. शेजारणीचा नवरा जवळच्या पावणे गावातल्या केमिकलच्या कारखान्यात होता. तिथं हातावर ॲसिड उडालं की जे मलम देतात, त्याची चेपलेली ट्यूब ती घेऊन आली. "लाव गं, आमच्या ह्यांची दोन बोटं वाचली," म्हणाली. तिनंच कडुलिंबाच्या पाल्याचं पाणीही उकळून आणलं, आणि वर चंदनाचं खोडही देऊन ठेवलं, ते जमलं नाही तर हे.

मी कुणालाच नाही म्हटलं नाही आणि काहीच लावलं नाही. काकड्यांची कोशिंबीर झाली. हळद आळीत वाटली, त्या वर्षी आमच्या आळीतलं कालवण पिवळंजर्द होतं. कोरफड मोरीशेजारी डब्यात लावली.

पण आत्यांचं औषध असं वाटून टाकण्यासारखं नव्हतं. आत्यांचं सगळं आयुष्य गुऱ्हाळावर गेलेलं. गावाकडं उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो, तो ढवळणाऱ्याच्या अंगावर एखादा शिंतोडा उडालाच तर मांसापर्यंत जातो. अशा भाजलेल्या माणसांना आत्या तूप लावायच्या. साधं तूप नव्हे, धुतलेलं. तांब्याच्या परातीत गायीचं तूप घ्यायचं, त्यात पाणी घालायचं, तांब्याच्याच लोट्याच्या बुडानं गोल गोल घोटायचं. पाणी काढून टाकायचं, नवं घालायचं, पुन्हा घोटायचं. असं शंभर पाण्यांनी. शेवटी त्या तुपाचा वास नावाला उरतो, रंग जातो, ते पांढरंशुभ्र आणि गार होतं, बोटाला लावलं तर लागलंय की नाही कळत नाही.

आत्या दोन दिवस परात घेऊन दारात बसल्या होत्या. त्यांचे गुडघे धरलेले, हात संधिवातानं वाकडे झालेले, तरी त्यांनी शेजारणीला परातीला हात लावू दिला नाही. मी म्हटलं, "आत्या, कशाला जीव काढताय? मला काही लावायचं नाही म्हणून सांगितलंय."

"काय काय न्हाई लावायचं, सांग बरं पुन्यांदा."

"साबण, पाणी, तेल, पावडर."

"मग त्यात तुपाचं नाव कुटं आलं?"

खरं सांगायचं तर मला वाद घालायचाच नव्हता. त्या शुक्रवारी बसमध्ये मी काखेत रुमालाचा बोळा धरून उभी होते आणि प्रत्येक खड्ड्याला रडकुंडीला येत होते. शनिवार-रविवार मशीन बंद. दोन दिवस आहेत, सोमवारपर्यंत पुसून टाकू, असा हिशेब आम्ही दोघींनी केला. दोन बायकांचं एकमत आमच्या घरात वर्षातून एकदा व्हायचं, ते नेमकं तेव्हा झालं.

आत्यांनी तूप लावलं. चोळलं नाही, नुसतं बोटाच्या टोकानं टेकवत गेल्या. देवाशपथ सांगते, त्या गारव्यानं मला हुंदका फुटला. कितीतरी दिवसांनी अंग माझं वाटलं. त्या दुपारी मी पाट्यासारखी पडून झोपले, उठले तेव्हा भूक लागलेली होती. आत्यांच्या चेहऱ्यावर निवडणूक जिंकल्याचा भाव होता. रविवारी सकाळी त्यांनी पुन्हा लावलं.

रविवारी संध्याकाळी त्या पुसायला बसल्या. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला. दोनदा टिपलं आणि त्यांचा हात थांबला. फडकं जांभळं झालं होतं. मी खाली पाहिलं. चौकोनाची एक बाजू नव्हतीच. बाकीच्या रेषा पाण्यात पडलेल्या अक्षरांसारख्या पसरलेल्या. मधली फुली अर्धी. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या बाईच्या तोंडावर मी पहिल्यांदा भीती पाहिली.

"आगं, ह्ये काय झालं?"

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण हे बाहेर ओट्यावर बसले होते ते धावत आत आले. मी पदर ओढायला गेले, पण तुपानं माखलेल्या अंगावर तो धड ओढताही येईना. "रेषा गेल्या," मी म्हणाले. "आता ते मशीन कुठं लावणार? आता थांबवतील. खंड पडणार."

ते म्हणाले, "हात लावू नका कुणी. उरलंय तेवढं राहू द्या." आणि सायकल काढून गेले.

मार्केट रविवारी बंद असतं, पण मुकादमाला गोदामाचा रखवालदार दार उघडतो. ते परत आले तेव्हा पिशवीत शाईची बाटली, बारीकातला बारीक कुंचला आणि सुतळीचा गुंडा होता. मला काय चाललंय ते कळायच्या आत त्यांनी हातपाय धुतले, ट्यूबलाइटखाली चटई टाकली आणि मला बसायला सांगितलं. आत्यांना म्हणाले, "आई, सुतळीचं टोक धर. इथं, फुलीवर."

आणि मग त्यांनी पाहिलं. पाहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जिथं काही उरलं नव्हतं तिथं, ओढून शिवलेल्या जागेवर, काळ्या कातडीवर, पुसट झालेली रेघ शोधायला त्यांना अगदी वीतभर अंतरावर यावं लागलं. मी त्यांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे बघत बसले. त्यांचा श्वास माझ्या अंगाला लागत होता. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा माणूस, त्याला बोटभर कुंचला सरळ ओढता येईना. काखेकडची रेघ वाकडी गेली. त्यांनी जीभ चावली.

"दुखतंय का?"

"नाही, गुदगुल्या होतायत," मी म्हणाले, आणि हसायला गेले ते रडूच आलं. त्यांनी कुंचला वर धरून वाट पाहिली. माझं थांबल्यावर पुढची रेघ काढली. आत्या सुतळीचं टोक धरून बसल्या होत्या. शाई आधी गार लागली, मग चुरचुरली. शेवटी ते मागं सरकले, गोदामात मालाकडे बघतात तसं लांबून निरखून पाहिलं आणि म्हणाले, "चालंल. टेन्शन घेऊ नको."

टेन्शन त्यांनीच घेतलं होतं हे मला पुढं कळलं.

सोमवारी मशीनवरच्या माणसानं माझ्या अंगावरची चादर बाजूला केली आणि तो बघतच राहिला. आमची मूळ रेघ जांभळी आणि बारीक. ही निळीकाळी, करंगळीएवढी जाड, आणि वर तकतकीत.

"ताई, ही शाई कुठली?"

"मार्केटची."

"कुणी काढली?"

"मालकांनी."

त्यानं मशीनवरचा हात काढला. "उतरा खाली," म्हणाला. बाहेरच्या बाकावर मी बसून राहिले. माझ्या मागून आलेल्या बायका आत जाऊन बाहेर आल्या. मला पोरीचं बाळंतपण दिसत होतं आणि त्यात मी दिसत नव्हते. आत्यांवर राग येत नव्हता, ह्यांच्यावर येत नव्हता, माझ्या खाजेवर मात्र असा राग आला होता की बस.

डॉक्टरीणबाई आल्या, मला आत नेलं, वाकून पाहिलं आणि वास घेतला. "तूप?"

"धुतलेलं आहे," मी म्हणाले. "शंभर पाण्यांनी." आता ह्यात सांगण्यासारखं काय होतं, पण आत्यांची मेहनत वाया जाऊ नये असं वाटलं.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. भिंग घेतलं आणि माझ्या कातडीवर काहीतरी शोधायला लागल्या. "हा एक. हा दुसरा. हा बघा तिसरा." मी मान वाकडी करून पाहिलं. तीळ होते ते, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक, निळसर. मला वाटायचं जन्माचेच आहेत. "हे आम्ही पहिल्या दिवशी सुईनं टोचून ठेवलेत," त्या म्हणाल्या. "गोंदतात तसे. रेषा पुसल्या तरी हे जात नाहीत. शिवाय तुमची मापं आमच्याकडे लिहिलेली आहेत, फोटो आहे. तुमच्या मालकांच्या रेघेवर कुणी मशीन लावणार नव्हतं."

"म्हणजे आज लाईट होईल?"

"होईल. आत्ताच होईल."

मी त्या टेबलावर झोपूनच त्यांचा हात धरला. घामानं माझे हात चिकट झाले होते, पण त्यांनी सोडवून घेतला नाही. सुटल्यासारखं वाटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. अंगातली सगळी हाडं कुणी सैल करून ठेवावीत तसं झालं.

मग मात्र त्यांनी मला व्यवस्थित झापलं. मशीनखाली तुपाचा थर राहिला तर वरची कातडी आणखी भाजते. हळद, चंदन, पाल्याचं पाणी, कोरफड, ॲसिडचं मलम, ह्यातलं काहीही त्यांना न विचारता लावायचं नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. खाज सुटली तर बाकावर बसून मनातल्या मनात कुणाला शिव्या घालायच्या आहेत त्या घाला, पण आधी मला सांगा, म्हणाल्या. त्यांनी खाजेच्या गोळ्या दिल्या, संध्याकाळी टेकवायला एक साधं मलम दिलं आणि सैल सुती कपडे घालायला सांगितलं. "आणि ते तूप?" मी विचारलं. "फेकून देऊ नका," त्या म्हणाल्या. "तूप वाईट नाही. आत्ता वेळ त्याची नाही."

मशीनवरच्या माणसानं मार्केटची शाई पुसायचा प्रयत्न केला, पण पावसात भिजलेल्या पोत्यावरून जी जात नाही ती स्पिरिटनं काय जाणार. चोळायची तर सोय नव्हती. शेवटी त्यानं शेजारून नव्या रेषा काढल्या आणि ह्यांच्या रेषांवर बारीक बारीक फुल्या मारल्या. पुढं रोज तो ओरडायचा, "साहेबांचा मार्का सोडून!" आणि मग मशीन लावायचा.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आत्यांना फक्त शेवटचं ऐकू आलं. "फेकू नका म्हनली ना? मग." त्यांनी तूप तांब्याच्या भांड्यात भरून त्यावर पाणी घातलं आणि रोज सकाळी ते पाणी बदलायला लागल्या. ह्यांनी मात्र ऐकून घेतलं आणि मान हलवली. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बाजारातून आले की आधी विचारायचे, "आज नीट जागेवर झालं?" मी म्हणायची, झालं. "त्यांनी मापं बघितली?" बघितली. "तुझ्या समोर बघितली?" अहो, बघितली! त्यांचं समाधान व्हायचं नाही. मला वाटायचं, मुकादमाची सवय. आणि संध्याकाळचं मलम आता ते स्वतः लावायचे. कॅलेंडर वाचायचं बंद झालं होतं. मी रोज त्या वेळेची वाट बघायची.

शेवटच्या आठवड्यात काखेतली कातडी फुटलीच. ओली झाली, सोलवटली. डॉक्टरीणबाईंनी तिथं जांभळं औषध लावलं आणि म्हणाल्या, "उद्या बघून ठरवू, थांबायचं की कसं." त्या संध्याकाळी मलम लावताना ह्यांनी ते पाहिलं. शाईची वाकडी रेघ नेमकी तिथूनच गेली होती. त्यांनी डबी बंद केली. जेवले नाहीत. आत्यांनी विचारलं तर "पोट भरलंय" म्हणाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, बोटानं बाजूची कातडी दाबली आणि म्हणाल्या, "थांबत नाही. राहिलेत तेवढे उरकू या." मी टेम्पोत काचेपुढं बसवलेल्या गणपतीला मनातल्या मनात नारळ बोलले.

शेवटच्या दिवशी हे मार्केटात रजा टाकून माझ्याबरोबर आले. इस्त्रीची पांढरी पँट, पांढरा सदरा, डोक्याला टोपी. टेम्पोत आम्ही दोघं दाटीवाटीनं बसलो. आत मी शेवटचा लाईट घेतला, मशीनवरच्या माणसानं "साहेबांचा मार्का सोडून" म्हणून शेवटची आरोळी ठोकली, आणि मी बाहेर आले. डॉक्टरीणबाई कागद लिहून देत होत्या. ह्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"बाई, आईनं विचारलंय, तूप कधी लावायचं?"

"जखम भरून नवी कातडी आली की मला दाखवा. मग लावा खुशाल."

"बरं." ते हलले नाहीत. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. "आणि अजून एक. ती काखंकडची रेघ माझ्या हातून वाकडी गेली. त्यामुळं काही... म्हणजे लाईट भलतीकडं तर न्हाई ना गेला? काखंत फुटलंय ते त्याच्यामुळं तर न्हाई? हिनं सांगितलं, पन ती मला बरं वाटावं म्हणून सांगत आसंल. खरं काय ते सांगा. मी ऐकून घेतो."

माझ्या लक्षात आलं की तो सोमवार ह्या माणसासाठी संपलाच नव्हता. रोज बाजारातून येऊन विचारलेलं ते "जागेवर झालं?" कुठून येत होतं ते मला तिथं कळलं. आपल्या हातानं बायकोला मारलं असं धरून तो इतके दिवस पोती मोजत होता.

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. त्यांना आत नेलं, फोटो दाखवला, मापं दाखवली, माझ्या अंगावरचे टोचलेले ठिपके दाखवले. काखेत घाम असतो, घडी असते, म्हणून तिथं पुष्कळ जणींची कातडी फुटते, असं सांगितलं. "तुमच्या रेघेवरून एकदाही लाईट गेला नाही. एकदाही नाही. सगळे दिवस पुरे झालेत, एक दिवस चुकला नाही, सगळे जागेवर झालेत."

"सगळे?"

"सगळे."

ते बाहेर आले आणि बाकावर बसले, जिथं मी त्या सोमवारी बसले होते त्याच रांगेत. टोपी तोंडावर धरली. त्यांचे खांदे हलायला लागले. भोवती माणसं होती, बायका होत्या, पण मला लाज वाटली नाही. मी शेजारी बसले आणि पाठीवर हात ठेवला. माझी गाठ काढून टाकली तेव्हाही मला इतकं हलकं वाटलं नव्हतं, खरंच सांगते. टोपी पुन्हा डोक्यावर चढवून ते म्हणाले, "चल, घरी जाऊ."

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. हे दिवसा कधी झोपत नसत, गेल्या तीस वर्षांत मी पाहिलं नव्हतं. खाडीचा पूल यायच्या आत त्यांची मान माझ्या उजव्या खांद्यावर पडली होती. घोरत होते. कंडक्टर तिकिटाला आला, मी त्याला खुणेनंच गप्प केलं आणि कोपरखैरण्याचा थांबा आला तरी ह्यांना उठवलं नाही. एक थांबा पुढं गेलो आणि चालत मागं आलो.